डबा खराब नव्हता

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे. घरभर इंटरनेट पोहोचवणारा, दोन अँटेनांचा काळा डबा. सध्या चपलांच्या कपाटात बुटाच्या पॉलिशशेजारी पडून आहे. माझ्यासाठी हळहळू नका. मला संताप आलाय, तेवढा ऐकून घ्या.

एका घराने मला भंगारात काढलं. तिथून मला उचललं एका कवळ्या बनवणाऱ्याने. दिवसभर लोकांचे दात घडवायचे आणि घरी आलं की जुनी यंत्रं उघडून बसायचं, हा त्याचा छंद. माझं मूळ सॉफ्टवेअर पुसून त्याने ओपन सोर्स सॉफ्टवेअर घातलं, म्हणजे कुणीही फुकट घ्यावं, वाचावं, बदलावं असं. मी टुणटुणीत झालो. माझं कौतुक ऐकता ऐकता पाहुण्यांचा चहा गार व्हायचा.

पण इंटरनेट कंपनीची लाईन येता-जाता मान टाकायची. फोन केला की एकच तुणतुणं, "सर, राऊटर आमचा नाही ना, प्रॉब्लेम त्यातच असणार." धादांत खोटं! खांबावरचा जोड सैल होता आणि वर चढायचा त्यांना कंटाळा होता. शिव्या मात्र मी खाल्ल्या.

त्याची बायको घरूनच, इंटरनेटवरून, एका विमा कंपनीचे फोन घ्यायची. फोन सारखे तुटायला लागल्यावर तिच्या साहेबांनी बजावलं, "सोमवारी मी स्वतः ऐकणार आहे. त्या दिवशी तुटला तर काम बंद." मग नवरा इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात जाऊन भांड भांड भांडला. अखेर माणूस आला, जोड बदलला आणि लाईन सुरळीत झाली.

सोमवारी सकाळी या पठ्ठ्याला माझ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दिसली. त्याचे हात शिवशिवायला लागले.

"आज त्याला हात लावू नकोस हं," बायको म्हणाली.

"अगं, पाच मिनिटांचं काम आहे."

घाईघाईत त्याने माझ्याच नावाच्या, पण पुढच्या मॉडेलची फाईल माझ्यात कोंबली. माझं सगळं काम ठप्प झालं. एक लाल दिवा तेवढा उरला.

ती हेडफोन लावून बाहेर आली. "नेट कुठे गेलं?"

त्याने चूक गिळली. "राऊटर गेला वाटतं. जुनाच होता गं."

तिचं काम गेलं. दुपारी तिनेच इंटरनेट कंपनीला फोन करून त्यांचा डबा मागवला. "आम्ही सांगत होतोच, मॅडम," पलीकडचा म्हणाला. "हो, तुमचंच बरोबर होतं," ती म्हणाली. आणि हा शेजारी उभा राहून मुकाट ऐकत होता! कंपनीचं खोटं मी सहन केलं होतं. याचं मला सहन होत नाही.

मित्रांनो, नीट चाललेल्या वस्तूला उगाच छेडू नका. आणि हातून बिघडलीच, तर तोंड उघडून सांगा. वस्तूला तोंड नसतं, म्हणून तिच्यावर ढकलू नका.

मी काही मेलेलो नाही. योग्य फाईल घातली की अर्ध्या तासात उठेन, आणि ते त्याला चांगलं येतं. रोज बूट काढताना तो माझ्याकडे बघतो आणि कपाट लावून घेतो. कारण मी उठलो, तर पूर्वीसारखाच चालेन आणि ते तिला दिसेल.