उजव्या बाजूचे तपकिरी ठिपके

मित्रांनो, मी एक सूक्ष्मदर्शक आहे. प्रयोगशाळेत मला सगळे 'आजोबा' म्हणतात. वय झाले असले तरी माझी नजर अजून साफ आहे, आणि एका कामाचा मला फार अभिमान वाटतो.

आमच्या संशोधक बाईंना पाहायचे होते, की उंदराच्या डाव्या डोळ्याच्या पडद्याला इजा झाली तर मेंदूत काय घडते. प्रयोगशाळेतले काका त्या मेंदूच्या, केसाहूनही पातळ अशा, चकत्या कापत. त्यांना असा रंग देत, की रोगाशी लढणारे एक प्रथिन जिथे असेल तिथे तपकिरी ठिपका उठावा.

एके सकाळी बाई माझ्यावर वाकल्या त्या हलेचनात. लागले होते डोळ्याला, पण ठिपके दाटले होते मेंदूत. डोळ्याचा निरोप जिथे पोचतो नेमके तिथे, आणि तेही उजवीकडे. उंदराच्या डोळ्यातून मेंदूकडे जाणारे बहुतेक तंतू वाटेत बाजू बदलतात.

विभागप्रमुख सरांना ते पटले नाही. "रंग जास्त बसलाय. आणि हे आजोबा तरी काय दाखवणार? भंगारात काढायला झालेत."

मला ते फार लागले. बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, चोवीस काचपट्ट्या करा. निम्म्या इजा झालेल्या उंदरांच्या, निम्म्या धडधाकट उंदरांच्या. कुठली कुणाची, ते मला सांगू नका."

"आणि चुकलात तर?" काकांनी विचारले.

"तर सरांचं खरं."

तीन दिवस बाईंनी माझ्यातून पाहिले आणि पट्ट्यांचे दोन गट केले. कुठली पट्टी कुणाची ते लिहिलेल्या काकांच्या चिठ्ठ्या सरांनी स्वतः उघडल्या. चोवीसच्या चोवीस बरोबर होत्या. सर स्टूल ओढून बसले, बराच वेळ माझ्यातून पाहत राहिले आणि म्हणाले, "काका, भंगारवाल्याला येऊ नको म्हणावं."

त्याच आठवड्यात बाईंचे थोरले भाऊ आले. लेथवर काम करताना लोखंडाचा कण उडून त्यांचा एक डोळा गेला होता. दुसऱ्या डोळ्याने त्यांनी ते ठिपके पाहिले.

"म्हणजे माझा डोळा परत येईल?"

"नाही, दादा. खोटं कशाला सांगू? पण डोळ्याला लागलं की मेंदूतही काहीतरी हलतं, एवढं दिसलं. ते बरं की वाईट, ते आता शोधायचं."

"मग शोध," दादा म्हणाले. "घाई करू नकोस."

मित्रांनो, माझे भिंग ओरखडले तर दुसरे बसवता येते. तुमच्या डोळ्याच्या पडद्याला अजून बदली मिळत नाही. त्याला जपा.