जालीमची पाठ

रविवारी दुपारी चिकलठाण्यातल्या एका लॉन्सवर सुदर्शन रिंगमध्ये उतरला आणि हजारभर माणसांनी एकदम शिव्या घातल्या. त्याला बरं वाटलं. बारा वर्षं तो ‘जालीम’ नावानं शो-कुस्तीतला दुष्ट माणूस होता. पंचाची नजर चुकवून खुर्ची हाणायची, डोळ्यांत बोटं घालायची आणि शेवटी ठरल्याप्रमाणे हरायचं. याला खोटं म्हणणाऱ्यांनी एकदा त्याचे गुडघे बघावेत.

आज मात्र पहिल्या रांगेत काकासाहेब बसले होते, पिशोरच्या तालमीचे वस्ताद. सुदर्शनला त्यांनीच लाल मातीत घडवलं होतं, आणि त्यांची शिकवण एकच: जीव गेला तरी पाठ टेकू द्यायची नाही. कुस्तीआधी त्यांनी त्याला गाठलं होतं.

“तू म्हणं ठरवून पाठ लावून घेतो. आज लावलीस तर तालमीची पायरी चढायची नाय.”

“अन् नाय लावली तर?”

“तर तू माझा पठ्ठ्या.”

त्या तालमीत याचा जीव अडकलाय हे म्हातारा पुरतं ओळखून होता.

समोर अमेय होता, बावीस वर्षांचा, लोकांचा लाडका. सुदर्शननं त्याला दोरांवर आपटलं, लोकांना वेडावून दाखवलं, एका बाईची चप्पल छातीवर झेलली. मग ठरल्याप्रमाणे तो आडवा पडला आणि अमेय वरच्या दोरावरून झेपावला. पण उडतानाच त्याचा पाय सटकला. पोरगा स्वतःच्या मानेवर आदळणार हे दिसताच सुदर्शननं सरकून त्याला अंगावर घेतलं. बरगडीत अशी कळ उठली की डोळ्यांपुढं अंधारी आली.

“हातपाय हलतात का रं?” तो पुटपुटला.

“हलतात, दादा.”

“मग असाच पडून राहा. तू जिंकतोयस.”

“ढकल त्याला!” काकासाहेब उभे राहून ओरडले. “पाठ सोडव, सुदर्शन!”

एका हातानं जमलं असतं. पंच वाकून मोजायला लागला. सुदर्शननं मान वळवली, वस्तादांच्या नजरेला नजर दिली आणि पंचापेक्षा मोठ्यानं स्वतःच मोजलं.

“एक! दोन! तीन!”

मैदान नाचायला लागलं. बरगडी दाबत सुदर्शन दोरापाशी आला.

“पाठ माझी हाय, वस्ताद. कुठं टेकवायची ते मी ठरवणार.”