वाचून दाखवलेली बातमी

भोरच्या 'नीराकाठ' साप्ताहिकात रघुवीर बातम्या लिही. छापखाना अण्णासाहेबांचा, साप्ताहिक त्यांचं, आणि मार्गासनीजवळ गुंजवणी ओलांडायच्या नावेचा मक्ताही त्यांचाच. अडतीस सालच्या श्रावणात ती नाव भर पुरात उलटली आणि गेनबा नावाचा शेतकरी वाहून गेला.

रघुवीर स्वतः तिथे जाऊन आला. म्हाताऱ्या नावाड्याने, सोनबाने, त्याला फुटकी फळी दाखवली. "तीनदा सांगावा धाडला मालकास्नी, नाव कुजलीया म्हनून." रघुवीरने सारं टिपून घेतलं.

कचेरीत लिहायला बसल्यावर मात्र हात अडला. अण्णासाहेब एक शब्दही बोलले नव्हते. बोलायची गरजच नव्हती. जुने संपादक दिवाळीला घरी बसणार होते, आणि त्यांची खुर्ची कुणाला द्यायची ते अण्णासाहेब ठरवणार होते. रघुवीरने लिहिलं, 'नावाड्याच्या हयगयीने एकाचा बळी.' मजकूर वाचून अण्णासाहेब म्हणाले, "छान लिहिता हो तुम्ही."

आठवड्याने सोनबा अंक घेऊन रघुवीरच्या घरी दारात उभा राहिला.

"पंत, गावात माज्याशी कुनी बोलंना. गेनबाची साळूबाई तर मला बघून दार लावून घेती. पर तुमी फळी डोळ्यांनी बघितलीया. काय लिवलंय ते वाचून दावा, म्हंजी तिला सांगतो."

रघुवीरने अंक हातात घेतला. तोंडातून छापलेला शब्द फुटेना. मग तो वाचू लागला, 'नाव कुजली होती. सोनबाने तीनदा कळवलं होतं.' कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं. सोनबाने डोळे पुसले, अंक छातीशी धरला आणि निघाला.

तो पेठेच्या टोकाला पोचला असेल-नसेल, रघुवीर अनवाणीच धावत गेला. "सोनबा, थांबा. तसं छापलेलं नाही. दोष तुमच्यावर टाकलाय. मीच टाकलाय."

सोनबाने छातीशी धरलेला अंक त्याच्यापुढे केला. "मग आत्ता वाचलंत, तेच लिवा की."

रघुवीरने त्याच दिवशी तसं लिहून दिलं. "जागा झाली की घेऊ," अण्णासाहेब म्हणाले. पुढच्या आठवड्यात जागा झाली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात रघुवीरने विचारलंच नाही. दिवाळीत तो संपादक झाला. सोनबा गाव सोडून गेल्याचं त्याच सुमारास कानावर आलं.

तेव्हापासून त्याला जेवण गोड लागेना. शेवटी एका सकाळी तो मार्गासनीला गेला आणि साळूबाईच्या अंगणात उभ्याउभ्या सगळं खरं सांगून मोकळा झाला. साळूबाई भात पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"म्या त्या म्हाताऱ्याला दारातनं हाकललं," ती म्हणाली. "तवा कुठं हुतात तुमी?"

 ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.