एडवणला जायचं ठरलं होतं

चावीच्या दात्यांवर ऊन पडलं होतं आणि प्रत्येक दाता वेगळा दिसत होता – एक आखूड, एक तिरका, एक झिजून गोल झालेला... इतकी वर्षं आपण ही स्कूटरची चावी नुसती फिरवत आलो, पाहिली कधीच नाही, असं जागृतीला वाटलं. आज सगळंच असं दिसत होतं. स्वयंपाकघरातला नळ, समोरच्या गच्चीवर वाळणारी लाल चादर, कारखान्यांकडून बोईसरभर पसरणारा तो आंबूस वाससुद्धा – सगळं धुऊनपुसून खास तिच्यासाठी मांडल्यासारखं.

झोप झाली नव्हती. आदल्या रात्रीही नव्हती. पण थकवा कुठे होता? पहाटेपासून तिने डबे घासले होते, कपाटं रिकामी करून पुन्हा लावली होती, एडवणच्या माहेरच्या वाडीतल्या चिकूंचा अख्खा धंदा मनात उभा करून त्याला नावही देऊन टाकलं होतं. पहिल्या पाळीला निघताना नवऱ्याने, प्रदीपने विचारलं होतं, "नीट झोपलीस ना?" – आणि 'हो' इतक्या सहज निघून गेलं की तो निर्धास्त जिना उतरला. मग तिने हेतलला उठवलं. आज शाळा नाही, आज एडवण. स्कूटरने. समुद्रात पाय बुडवायचे.

ठरलेलं वेगळंच होतं. बऱ्या दिवसांत, पालघरच्या डॉक्टरबाईंसमोर बसून तिनेच ठरवलं होतं – सलग दोन रात्री झोप उडाली की तळमजल्यावरच्या मंजुळावहिनींना सांगायचं, चावी आणि फोन त्यांच्याकडे द्यायचा, अशा वेळेसाठी दिलेली गोळी घ्यायची, बाहेर पडायचं नाही. पण ते ठरवणारी बाई किती मलूल होती, किती घाबरट... तिला काय माहीत आजची सकाळ? आजार असता तर मला कळलाच नसता. मला सगळं कळतंय, अगदी लख्ख कळतंय, म्हणजे हा आजार नाही – आणि हे वाक्य मागच्या वेळीही मी असंच, याच शब्दांत... पण ते पुरतं आठवायच्या आत पुढचा विचार येऊन धडकला, त्याच्यावर आणखी एक.

"आई, तू आज किती छान आहेस," बूट घालता घालता हेतल म्हणाली.

"रोज नसते का?"

"रोज तू दमलेली असतेस. गोळ्यांनी."

जागृती हसली. हसणं थांबेना म्हणून तिने चेहऱ्यावर पाणी मारलं आणि पोरीचा हात धरून जिना उतरली. एका हाताला वहिनींचं दार, दुसऱ्या हाताला स्कूटर. दार उघडंच होतं, आत कुकरची शिटी झाली. तिने मान वळवली नाही. स्कूटर सुरू झाली आणि तिची थरथर तळव्यांतून वर खांद्यांपर्यंत आली – गोड, ओळखीची.

"घट्ट धर."

हेतलने मागून मिठी मारली. उजवा हात पोटावरून पूर्ण वळला. डावा वळला नाही. कोपर तसंच टोकदार राहिलं आणि जागृतीच्या बरगडीत रुतलं.

मासवणचा पूल... तीन वर्षांपूर्वी हेतल अशीच मागे होती, दोघी गात होत्या, आणि पुलावर जागृतीने दोन्ही हात सोडून दिले होते, कारण त्या दिवशी काही पडूच शकणार नव्हतं. समोरून ट्रक आला तेव्हाही ती गातच होती. नंतर डांबरावर बसलेली हेतल – रडत नव्हती, हात धरून नुसती आईकडे बघत होती, पुढचं कडवं कधी येणार असं. पोरीला गाणं आठवतं. कोपराचं कसं झालं ते ती मैत्रिणींना फुशारकीने सांगते.

पण आज मी हात सोडणार नाही. हळू चालवीन. आज मी...

कोपर रुतलेलं होतं.

तिने इंजिन बंद केलं. इतक्या साध्या गोष्टीला अंगातली सगळी ताकद लागली. "वहिनी," तिने हाक मारली, आणि आवाज हवा त्यापेक्षा फार मोठा निघाला.

मंजुळावहिनी हात पुसत बाहेर आल्या. जागृतीच्या डोळ्यांकडे बघितलं आणि तळवा पुढे केला. चावी देताना जागृतीची बोटं उघडेनात. वहिनींनी एकेक सोडवली.

"आपण जाणार होतो ना?" हेतल म्हणाली. मग आईऐवजी वहिनींकडे बघून, "तुम्हीच नेहमी बेत मोडता."

"हो बाय, मीच मोडते," वहिनी म्हणाल्या. "चल, आत चल."

त्यांनी डॉक्टरबाईंना आणि प्रदीपच्या कंपनीत फोन केले, गोळी दिली, आतल्या खोलीचे पडदे ओढले, हेतलला शेजारच्या किंजलकडे खेळायला पाठवलं आणि दारातच वाल सोलत बसल्या. जागृती पलंगावर पडली, उठली, पुन्हा पडली. ती फोलपटं पडल्याचा आवाज... ती वाकलेली पाठ... ही बाई माझी सकाळ घेऊन बसली आहे, माझी पोर घेऊन बसली आहे.

"तुम्हाला स्वतःचं मूल नाही," ती म्हणाली, "म्हणून माझी हवी तुम्हाला."

वहिनींचे हात थांबले. क्षणभर वाटलं, उठून जातील – दार मोकळं होईल. पण त्या उठल्या नाहीत. पदराने नाक पुसलं.

"बोल तू. मी हाय हितंच," त्या म्हणाल्या, आणि पुढचा वाल उचलला.

जागृती भिंतीकडे वळली. डोक्यात अजून चिकूच्या बागा पळत होत्या, दुकानाच्या पाट्या, गाण्याचे तुकडे, लाटा, सगळं एकमेकांना ढकलत... आणि त्या गर्दीच्या पार मागे काहीतरी हलत होतं. ते धावत नव्हतं. आपण आत्ता काय बोललो ते तिला कळायला लागलं होतं – आधी वहिनींचा चेहरा, मग शब्द, मग त्या शब्दांचं वजन. ती लाज होती. सकाळपासून आत आलेल्या हजार गोष्टींत ही एकच पायी चालत आली होती. ती निघून जाईल की टिकेल, गोळी आधी पोचेल की पुढची लाट, हे तिला सांगता आलं नसतं. जागृती फक्त अंग चोरून, त्या लाजेला जागा करून देत पडून राहिली.