माझ्यावरच्या दोन खाचा

मी क्लॅरिनेट बोलतोय. नारायण पेठेतल्या आप्पासाहेबांच्या बँडमधला. एरवी मी वाजतो. आज बोलतोय, कारण मला राग आलाय आणि तो सुरात मावत नाही.

माझं अंग काळ्या एबोनाइटचं, चाव्या चकचकीत. कारखान्याने मला आकार दिला, आवाज मात्र दिला रंगरावांनी. बावीस वर्षं त्यांनी मला फुंकलं. वाजवताना ते वरचे पुढचे दोन दात माझ्या माउथपीसवर टेकवायचे. टेकवून टेकवून तिथे दोन खाचा पडल्या. डावी खाच जराशी पुढे, कारण त्यांचा तो दात वाकडा होता. न बघता मला तोंडाला लावलं तरी दात नेमके खाचांत बसायचे.

गेल्या वर्षी मे महिन्यात विश्रांतवाडीला एक वरात होती. सकाळचे अकरा, रणरणतं ऊन, नवरदेव घोड्यावर आणि पुढे त्याचे मित्र. वरातीत नाचणाऱ्यांची एक खोड मला कधीच आवडली नाही. अंगात आलं की ते वाजवणाऱ्याच्या अगदी तोंडाशी येतात आणि माझं खालचं टोक वर ढकलतात. "काका, अजून वर! अजून वर!" त्यात म्हणे फोटो छान येतो.

पृथ्वीराज नावाचा नवरदेवाचा मित्र असाच नाचत आला आणि त्याने मला खालून जोरात फटका मारला. मी सरळ रंगरावांच्या तोंडात घुसलो. हो, मीच. त्यांचे पुढचे दोन दात माझ्यामुळे पडले, हे मी कुठे लपवू? तोल जाऊन त्यांची हनुवटी रस्त्याच्या दुभाजकावर आपटली. जबडा दोन ठिकाणी मोडला. ताशा आणखी मिनिटभर वाजतच होता. कोणाच्या लक्षातच आलं नाही.

रंगरावांच्या पत्नी कुसुमबाई धावत दवाखान्यात आल्या. माझी पेटी त्यांनी कॉटखाली सरकवली, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं. जबड्यात पट्ट्या आणि स्क्रू बसवले. वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकले. पाच आठवडे तोंड बंद. बावीस वर्षं फुंकणारा माणूस स्ट्रॉने मुगाचं कढण ओढत होता.

तिसऱ्या दिवशी पृथ्वीराज भेटायला आला. येताना काय आणलं असेल? सफरचंदं! तारेने तोंड बांधलेल्या माणसाला सफरचंदं!

"काका, सॉरी हां. सगळं मजेत चाललं होतं ना. कम्प्लेंट वगैरे नको ना प्लीज?"

रंगराव त्याच्याकडे बघत राहिले. दुसरं काय करणार? दाराबाहेर गेल्यावर तो फोनवर म्हणाला, "अरे, काका काहीच बोलले नाहीत. राग नाहीये त्यांचा."

मला हात असते ना, तर त्या दिवशी मी पेटीत पडून राहिलो नसतो.

तारा निघाल्या तेव्हा रंगरावांचं तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. दातांच्या डॉक्टर तनुजाताईंनी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्या. त्यांची चळत दाढांमध्ये धरायची आणि जमेल तशी एकेक वाढवत जायची. "अहो, आज नऊ झाल्या," कुसुमबाई म्हणायच्या, आणि रंगरावांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. त्यातच खालचा ओठ बधिर झालेला. चहा शर्टवर गळायचा तरी त्यांना कळायचं नाही. माझी पत्ती, म्हणजे थरथरून सूर काढणारी वेताची पातळ पट्टी, त्याच ओठावर टेकते. पुन्हा वाजवता येईल का, हे ते कोणालाच विचारत नव्हते. मला त्यांनी कपाटावर टाकायला लावलं होतं. "डोळ्यांसमोर नको ते," एवढंच म्हणाले.

हाड जुळल्यावर नवे दात बसवायची वेळ आली. डॉक्टरांनी हिरडीत स्क्रू रोवले, काही महिने थांबल्या, मग दात दिसतील असा एखादा जुना फोटो मागितला. कुसुमबाईंनी घर पालथं घातलं. लग्नाच्या फोटोत रंगरावांचं तोंड मिटलेलं, आणि बाकी प्रत्येक फोटोत त्यांच्या तोंडात मी! शेवटी त्यांनी माझा माउथपीस रुमालात गुंडाळून नेला.

डॉक्टरांनी आधी तात्पुरते दात लावले होते. अगदी सरळ, जाहिरातीतल्यासारखे. तिथेच खुर्चीत रंगरावांनी कितीतरी महिन्यांनी मला तोंडाला लावलं. दात खाचांवरून घसरले.

"डावा वाकडा होता," ते म्हणाले. "वाकडाच द्या."

"वाकडा दात मागणारे आपण पहिलेच," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी भिंग घेऊन माझ्या खाचा मोजल्या.

नवे दात खाचांत बरोबर बसले. पण ओठ अजून अर्धाच जागा आहे. तो कुठे टेकतोय हे कळत नाही, म्हणून रंगराव रोज सकाळी आरसा समोर ठेवून मला वाजवतात. कोपऱ्यातून हवा निसटते. खालचे सूर लागतात, वरचे फुटतात. ओठ पूर्ण जागा होईल का, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत.

गेल्या महिन्यात पृथ्वीराज पेठेतल्या आमच्या बँडच्या दुकानात आला. आता त्याचं स्वतःचं लग्न होतं.

"काका, एकदम फिट दिसताय! माझ्या वरातीत पुढे तुम्हीच हवेत हां. मागचं तुम्ही मनावर घेतलं नाहीत, मानलं तुम्हाला."

रंगराव मला पुसत होते. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"तेव्हा माझं तोंड तारेनं बांधलं होतं," ते सावकाश म्हणाले. "माफ केलं नव्हतं."

आप्पासाहेबांनी तारखांची वही मिटली. "त्या तारखेला बँड नाही."

"अहो, पण मी तारीख अजून सांगितलीच नाही."

"हो ना. तरी नाही."

तो गेल्यावर रंगरावांनी मला उचललं आणि दुकानाच्या पायरीवर बसून वाजवलं, आरशाशिवाय. वरचा सूर फुटला. ते थांबले नाहीत. पुन्हा फुटला, तरी थांबले नाहीत.

माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. लग्नं करा, वराती काढा, हवं तेवढं नाचा. फक्त माझ्या टोकाला हात लावू नका. माझ्या दुसऱ्या टोकाला माणसाचे दात असतात.