झेलेनकच्या तळाशी

राडको कोमात्सने लागोपाठ चार सकाळी गळाच्या दोरीने झेलेनकचा डोह नुसता झोडपून काढला आणि पाचव्या दिवशी मासेमारी संघाच्या फळ्यावर लिहून टाकलं, की डोह रिकामा आहे.

रिकामा! रोझालियाने ते वाचलं तेव्हा तिच्या कमरेवर बियाण्याच्या बटाट्यांची टोपली होती. ती तिने भर रस्त्यात ठेवली आणि सरळ संघाच्या खोलीत शिरली. दार वाजवलं नाही. त्या खोलीच्या भिंतींना तिच्या बापाने पाठीवरून दगड वाहिले होते.

"डोह रिकामा म्हणजे काय रे, राडको?"

"मावशी, बसा तरी."

"बसायला आले नाही मी. तुझं लिहिलेलं वाचून आले."

राडको संघाचा अध्यक्ष. त्याच्या टेबलावर नव्या दोरीचं भेंडोळं पडलं होतं. काळी, बुटाच्या नाडीएवढी जाड, आतून जड. त्याने ते उचलून तिला दाखवलं, जणू शाळेतल्या पोरीला दाखवतोय. "ही दोरी दगडासारखी बुडते. चार दिवस हिने तळ चाचपला, एकदाही कुणी तोंड लावलं नाही. तिथे काही नाहीच. शनिवारी हौदातले मासे येतायत."

म्हणजे हे असं होतं तर. आपला संगमरवरी नक्षीचा ट्राउट मासा जिथे राहतो, तिथे बाहेरचा मासा सोडायचा नाही, हा संघाचा जुना नियम. डोह रिकामा ठरला की नियम गेला. मग हौदात दाणे खाऊन फुगलेले मासे सोडायचे, पाहुण्यांनी ते पहिल्याच तासात धरायचे, फोटो काढायचे आणि खूश होऊन घरी जायचं. आणि त्या फुगलेल्यांनी आपल्यांची पिल्लं खायची. झेलेनक रोझालियाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच होता. तिथला थोरला ट्राउट तिने गेल्याच आठवड्यात पुलावरून पाहिला होता.

"तो आहे," ती म्हणाली. "तुझी दोरी त्याच्यापर्यंत पोचली नाही, एवढंच."

"यापेक्षा जड दोरी बाजारात मिळत नाही, मावशी."

"जडपणाचं काय कौतुक सांगतोस? झेलेनकमध्ये वरचं पाणी धावतं आणि खालचं झोपलेलं असतं. तुझी ही नाडी जाड आहे ना, तिला वरचं पाणी धरतं आणि ओढत नेतं. तिच्या मागून तुझी गळावरची माशीही वर उचलली जाते. थोरला तळाशी बसून तुझी गंमत बघतो. बारीक दोरी लागते तिथे. पाण्याला धरताच येणार नाही अशी."

बाकावर संघाचे दोन सभासद बसले होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "आता दोरी कुठली घ्यायची तेही बायका सांगणार." दुसरा हसला.

रोझालिया वळली. "तुझा बाप सकाळी मासे धरून घरी यायचा, तेव्हा त्याची ओली दोरी चौकटीवर कोण सुकवायचं? तुझी आई. पुसायचं कोण, गाठी कोण सोडवायचं, कुठे झिजलीय ते बोटांनी कोण शोधायचं? चाळीस वर्षं ज्यांच्या बोटांतून दोऱ्या गेल्या, त्यांना दोरी कळत नाही, आणि तुम्हाला दुकानातून आणली की कळते, होय?"

राडकोने भेंडोळं खाली ठेवलं. "बरं. शनिवारी बाराच्या घंटेपर्यंत तुम्ही डोहावर उभ्या राहा. मासा दाखवलात तर गाडी परत पाठवतो. सगळ्यांसमोर सांगतो."

"परवान्याचं काय?"

"मी देतो ना."

"तू देतोस!" एवढंच बोलून ती बाहेर पडली. बापाच्या नदीवर गळाची काठी धरायला राडको परवाना देणार. बटाट्यांची टोपली तिने अशी हिसकून उचलली, की दोन बटाटे रस्त्यावर घरंगळले.

घरी आल्यावर तिने सुनेला हाक मारली. "तिल्का! माळ्यावरची माझ्या बापाची रेशमी दोरी उतरव आणि शनिवारसाठी तयार कर." तिल्का कामसू. दोनदा सांगावं लागत नाही. रोझालिया स्वतः गळावर खोटी माशी बांधायला बसली: सशाचे केस, आणि पोटावर तांब्याची तार, इतके वेढे की माशी बोटावर ठेवली तर वजन कळावं. दोरी बारीक असली की ती माशीला अडवत नाही, पण खाली न्यायचं काम माशीलाच करावं लागतं.

शनिवारी अकराला अर्धं गाव पुलावर जमलं होतं. राडको काठावर हाताची घडी घालून उभा. रोझालियाने घागरा वर खोचला, गुडघाभर पाण्यात उतरली आणि वरच्या अंगाला, पांढऱ्या फेसात, माशी टाकली. म्हणजे डोहाच्या मध्यावर येईपर्यंत तिला बुडायला वेळ मिळतो.

दोरी बुडाली नाही. पाण्यावर सुबक, सोनेरी तरंगत राहिली, आणि धावतं पाणी तिला घेऊन गेलं. पुन्हा टाकली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पुलावरून कुणीतरी ओरडलं, "मावशी, थोरल्याला वर बोलवा, दोरी वरच आहे!"

तिने दोरी ओढून बोटांत घेतली. बुळबुळीत. चरबी!

"तिल्का! दोरीला चरबी कुणी लावली?"

"मीच, आई."

"तुला अक्कल आहे का गं? तरंगत ठेवायची असली म्हणजे चरबी! मला ती बुडवायचीय!"

तिल्काचा चेहरा लाल झाला, पण तिने मान खाली घातली नाही. "तुम्ही म्हणालात तयार कर. या घरात दोरी तयार करायची म्हणजे चरबी लावायची. लग्न होऊन आले त्या वसंतात तुम्हीच माझ्या हातात डबी दिलीत. बारा वर्षं दरवर्षी लावते."

खरं होतं. बाप एरवी वरच्या पाण्यातले मासे धरायचा, म्हणून चरबी. तळाच्या माशांसाठी जायचा तेव्हा आदल्या दिवशी दोरी स्वतः धुवायचा, कुणाला सांगायचाही नाही. ते तिने पाहिलं होतं आणि सुनेला शिकवलं नव्हतं. चिडायचं तर कुणावर, हे तिला चांगलं कळलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

"साबण आण," ती म्हणाली. "आणि चुलीतली राख."

तिल्का चढावर धावली. तेवढ्यात हौदाची गाडी पुलाशी येऊन थांबली. साडेअकरा. ड्रायव्हर खाली उतरला. "अध्यक्षसाहेब, मासे तडफडतायत. किती थांबू?"

"बाराच्या घंटेपर्यंत," राडको म्हणाला. एवढा शब्द त्याने पाळला, हे मान्य केलं पाहिजे.

दोघी बायका दगडावर बसल्या. एकीने राख चोळायची, दुसरीने साबण, मग पाण्यात खळखळ, मग काठावरच्या निळसर चिखलातून दोरी हातभर हातभर ओढायची. पुढचा टोकाचा भाग कुजका लागला, रोझालियाने तो दातांनी तोडला आणि माशी पुन्हा बांधली. सोनेरी दोरी मळकट झाली. पुलावर आता गप्पा चालल्या होत्या, बघत कुणी नव्हतं.

या वेळी दोरी पाण्याला लागली आणि दिसेनाशी झाली. आता नजरेचा उपयोग नव्हता. रोझालियाने डाव्या हाताच्या दोन बोटांत दोरी धरली आणि डोळे मिटून घेतले. माशी खाली गेली. आणखी खाली. मग दगडावर टकटक. तळ! पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. पाचव्यांदा टकटक मधेच थांबली.

तिने काठी उचलली आणि तळ हलला.

पुलावरचे सगळे कठड्याशी धावले. थोरला दोनदा डोहाच्या खोल बाजूला गेला, रेशीम काठीच्या चक्रावरून किरकिरत सुटलं, तिचा खांदा पेटला. तिल्का कंबरेइतक्या पाण्यात शिरली, दोन्ही हात बुडवून धरले आणि तिसऱ्या फेरीला त्याला खालून आधार दिला. हातभर लांब. पाठीवर ऑलिव्ह रंगाची नागमोडी नक्षी. बाराला अजून सात मिनिटं होती.

राडको धावत आला आणि वाकून हात घातला.

"कोरडे हात!" रोझालियाने त्याच्या मनगटावर फटका मारला, पुलावर ऐकू जाईल असा. "संघाचा अध्यक्ष म्हणे! त्याची कातडी सोलतोस का? नुसता बघ. बघितलास?"

"बघितला, मावशी."

"मग त्या गाडीवाल्याला सांग. मला नको."

राडको ताठ उभा राहिला, घसा साफ केला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "गाडी परत न्या. झेलेनक रिकामा नाही." तिल्काने हात खाली नेले. थोरला क्षणभर तिच्या तळव्यांवर थांबला आणि तळाला गेला.

दुपारी तिल्काने फ्रिका केला, बटाटे आणि चीज परतून केलेला जाड पोळा. बटाटे करपले होते आणि मीठ कमी होतं. रोझालियाने दोनदा वाढून घेतला आणि नावं ठेवली नाहीत. बारा वर्षांत हे पहिल्यांदाच झालं, त्यामुळे तिल्काला आधी वाटलं सासूबाईंना बरं नाही.

सोमवारी संघाचा एक सभासद, तोच बाकावर हसलेला, दारात येऊन उभा राहिला. अध्यक्षांना ती दोरी दोन दिवसांसाठी हवी होती, पाहुणे येणार होते.

रोझालिया आत गेली आणि चरबीची डबी घेऊन आली. ती त्याच्या हातात ठेवली.

"दोरी आता तिल्काची आहे, ती कुणाला देत नाही. ही ने. राडकोला म्हणावं, नीट चोळ, म्हणजे तू तरी वर तरंगशील."