कपाटाची पसंती

लिलावाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जी होती तिथे लोकांनी चपला काढून ठेवल्या होत्या. लिलावाला चपला काढून बसायची पद्धत जगात कुठेही नसावी. इथेही कालपरवापर्यंत नव्हती. पूर्वी या हॉलमध्ये मोडक्या आरामखुर्च्या, काटे हरवलेली घड्याळं, कोणाच्या तरी आजोबांची दाढीची पेटी आणि कान तुटलेल्या कपबशा विकल्या जात. आजही त्याच वस्तू विकल्या जात होत्या. फरक इतकाच, की आता लोक त्या हात जोडून घेत होते.

सगळ्यांच्या नजरा भिंतीलगतच्या कपाटावर खिळल्या होत्या. काळंभोर शिसवी कपाट, पुरुषभर उंच, एकाच रुंद दाराचं. पुढ्यात लाल गालिचा. एकेकाने गालिच्यावर येऊन कपाटासमोर उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात आपलं नाव सांगायचं. माणूस पसंत पडला तर कपाटाचं दार आपोआप उघडायचं. नाही पडला तर नाही.

आता गालिच्यावर गावातले सराफ उभे होते. त्यांच्या आधी त्यांचं पोट पोहोचलं होतं. त्यांनी डोळे मिटले, आणि कर्र... दार हळूच उघडलं. एका बाईंना हुंदका आवरेना.

"बघा! डोळे भरून बघा!" हातोडीबाबा गरजले. "शंभर वर्षांचं लाकूड माणूस ओळखतं! बाजारात तुम्ही बोली लावता. इथे कपाट बोलतं!"

हे हातोडीबाबा म्हणजे कालचे साधे लिलाववाले. टाय लावून घसा फोडायचे आणि गिऱ्हाईक जांभया द्यायचं. मग एक दिवस टाय गेला, पायघोळ पांढरा झगा आला, आवाज एक पट्टी खाली उतरला. हातोडी तेवढी तीच राहिली.

सराफांनंतर पोस्टमन आला. आयुष्यभर सायकल मारून त्याच्या अंगावर फक्त गणवेश उरला होता. तो उभा राहिला, डोळे मिटले, ओठही पुटपुटले. दार ढिम्म.

"दोष आहे," बाबा कळवळून म्हणाले. "घरातल्या जुन्या वस्तूंची आबाळ केलीत. आता एका जुन्या वस्तूला आसरा द्या, म्हणजे दोष फिटेल. ही किटली घ्या. हिला तोंड नाही, म्हणून ही कोणाची निंदा करत नाही. चला, कोण बोलतं? एक वार... दोन वार..."

तिसरा वार पोस्टमनवरच पडला. बिनतोंडाची किटली छातीशी धरून तो भरल्या डोळ्यांनी जागेवर गेला.

शेवटच्या रांगेत दीड खुर्ची व्यापून बसलेल्या मोठ्या बाई हे सगळं पाहत होत्या. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. मुख्याध्यापिकेला मोठ्या बाई म्हणतातच, त्यामुळे त्यांच्या आकारावरून हसणाऱ्या एकाही मुलीला त्यांना कधी शिक्षा करता आली नव्हती. विज्ञान शिकवत. विज्ञानातलं सगळं मोजमाप त्यांना प्रिय होतं, फक्त वजनकाट्याशी त्यांनी बरीच वर्षं अबोला धरला होता.

त्या इथे हौसेने आल्या नव्हत्या. शेजारी त्यांची ताई बसली होती, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून. पर्समध्ये ताईच्या बांगड्या होत्या. पलीकडे ताईची मुलगी, लग्न ठरलेली. खरं तर ठरलेलं मोडायला आलेली.

झालं होतं असं. होणाऱ्या सासूबाईंना नव्या जोडप्याच्या खोलीत हेच कपाट हवं होतं. गेल्या आठवड्यात सगळं लटांबर परीक्षेला आलं. सासूबाई गालिच्यावर चढल्या, दार उघडलं. जिममध्ये जाऊन दंड फुगवलेला नवरा मुलगा चढला, दार उघडलं. मग ही चढली. नुकती काविळीतून उठलेली, ओढणी वाऱ्यावर गेली तर सोबत हीदेखील जाईल अशी. दार उघडलं नाही. बाबांनी सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "या पावलांनी घराची दारं बंद होतात." सासूबाईंनी तिथल्या तिथे मुलाचा दंड धरला आणि त्याला दोन पावलं मागे ओढलं. एवढ्या दंडाचा तो मुलगा, पण ओढला गेला.

"ती समई घेतली की दोष जातो म्हणे," ताई कुजबुजली. "सासूबाईंनीच निरोप धाडलाय. समई घ्या, मग बघू."

"ताई, त्या समईला बूड नाही. भिंतीला टेकवून उभी केलीय."

"तुझं आपलं सगळ्यात खोट काढणं! इथे माझ्या पोरीचं लग्न मोडतंय."

पोरगी मावशीकडे झुकली. ती हळूच म्हणाली, "मावशी, एक विचारू? सासरच्या सगळ्यांसाठी उघडलं. माझ्यातच काही असेल का गं?"

हे ऐकून मात्र मोठ्या बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. लग्न मोडलं तर दुसरं जुळेल, बांगड्या गेल्या तर पुन्हा होतील. पण हिच्या डोक्यात हे बसलं, तर आयुष्यभर प्रत्येक बंद दारापुढे ही स्वतःलाच दोष देत उभी राहील. त्या उठल्या. खुर्चीही थोडी सोबत उठली, मग सुटली.

"मला उभं राहायचंय," त्या मोठ्याने म्हणाल्या.

हॉल वळून बघू लागला. निम्म्या बायका त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी. पहिल्या रांगेत मुलाला शेजारी घेऊन बसलेल्या सासूबाईंनी भुवया उंचावल्या.

"श्रद्धा आहे का, बाई?" बाबांनी विचारलं.

"काडीची नाही."

यावर बाबांनी रागवायला हवं होतं. पण त्यांनी बाईंना एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, शिंपी गिऱ्हाइकाला न्याहाळतो तसं, आणि प्रसन्न हसले. "या, या. कपाट तुम्हाला नक्की ओळखेल."

हे बाईंना खटकलं. निकाल परीक्षेआधीच लागलेला होता.

त्या गालिच्यावर चढल्या. डोळे मिटले नाहीत. आणि पायाखालची जमीन सरकली. अगदी खरोखर सरकली. जरा खाली गेली. कपाटावरच्या काचेच्या फुलदाणीतलं पाणी पुढच्या काठाकडे कललं आणि दार कर्र करत सताड उघडलं.

"धन्य!" बाबांनी हातोडी आपटली. "नास्तिकालाही पावलं! आहे अशी करुणा कुठे?"

हॉल गहिवरला. बाई मात्र एक पाऊल मागे सरकल्या. दार सावकाश मिटलं. पुढे आल्या. दार उघडलं. मागे गेल्या. मिटलं.

"बाई, एकदा दर्शन झालं, पुरे," बाबा म्हणाले.

पुढे. मागे. पुढे. मागे. पहिल्यांदा लोकांनी हात जोडले. दुसऱ्यांदा जोडलेले हात तसेच राहिले. चौथ्यांदा मागून कोणी तरी खुदकन हसलं.

"कपाट दमेल हो!" पोस्टमन ओरडला.

"ही थट्टा आहे!" बाबांचा आवाज एक पट्टी वर गेला, जुन्या जागी. "कपाटाला एकच पुण्यवान माणूस पुन्हा पुन्हा दाखवायचा नसतो!"

"बरं. मग दुसरं दाखवते. भाचीबाई, इकडे ये. येताना तो संगमरवरी पुतळा उचलून आण. झेपेल का?"

विक्रीच्या टेबलावर कुठल्याशा विस्मृत दिवाणसाहेबांचा गलमिशावाला अर्धपुतळा होता. पोरीने तो कसाबसा कवेत घेतला आणि लाजत, धापा टाकत गालिच्यावर आली. दार उघडलं.

मागच्या रांगेतले लोक बघायला खुर्च्यांवर चढले.

"पुतळ्यातल्या पुरुषाचं पुण्य!" बाबांनी तत्काळ खुलासा केला. "थोर माणूस होता तो. सोबत असला की फळ मिळतंच!"

लोकांनी माना डोलावल्या. लोक कशालाही माना डोलावतात, हा मोठ्या बाईंचा पालकसभांतला अनुभव होता.

"असेल, असेल. पुतळा खाली ठेव, बाळ. आता ती वजनं घे." टेबलाखाली खाटकाच्या जुन्या दुकानातला तराजू विकायला आला होता, त्याची लोखंडी वजनं शेजारी पडली होती. पोरीने दोन्ही हातांत एकेक उचललं. खांदे झुकले. ती गालिच्यावर उभी राहिली आणि दार उघडलं.

"हे कोणाचं पुण्य, बाबा? बकऱ्यांचं?"

आता हसू एकट्यादुकट्याचं राहिलं नाही.

"शेवटचं मोजलं तेव्हा माझं वजन ब्याण्णव किलो होतं," मोठ्या बाई म्हणाल्या. हे वाक्य उच्चारायला त्यांना आयुष्यातलं सगळं धैर्य लागलं. ताईने तोंडावर हात धरला. "या पोरीचं चाळीसही नाही. तुमच्यातले ज्यांच्यासाठी दार उघडलं, त्यांनी एकदा उभे राहा पाहू. आणि ज्यांच्यासाठी नाही, ते बसून राहा."

दार उघडलेले सगळे सवयीने उभे राहिले. आणि हॉलला ते दिसलं. उभे होते ते सगळे गरगरीत नाहीतर दांडगे, नापास होऊन बसलेले सगळे वाळके. सराफांनी स्वतःच्या पोटाकडे असं पाहिलं, जणू त्याने त्यांना फसवलं होतं.

"कपाट वजनदार माणसं ओळखतं, एवढं मात्र खरं," बाई म्हणाल्या.

वजनं खाली ठेवून पोरीने कोणी न सांगताच गालिच्याचं टोक धरलं आणि सर्रकन ओढलं. बाबा "अहो, अहो!" करत धावले, पण पोस्टमन मध्येच कसा कोण जाणे उभा होता. गालिच्याखाली लाकडी जमिनीच्या दोन लांब फळ्या. बाकी सगळ्या फळ्यांना खिळे, या दोघींना नुसती भोकं. पोरीने हाताने फळी दाबली. फळी खाली गेली, वर आली.

"मावशी, कपाटाचे पुढचे पाय याच फळ्यांवर आहेत!"

"आणि मागचे?"

ती गुडघ्यांवर वाकली. "मागचे पक्क्या जमिनीवर. आणि दाराला कडीच नाही!"

"ऐका आता," बाई वर्गात बोलतात तशा बोलू लागल्या, आणि जुन्या विद्यार्थिनी नकळत ताठ बसल्या. "जड माणूस इथे उभा राहिला की फळी दबते. फळी दबली की कपाट तसूभर पुढे झुकतं, आणि बिनकडीचं दार आपल्या भाराने उघडतं. माणूस उतरला की कपाट सरळ होतं, दार मिटतं. हलक्या माणसाने फळी पुरेशी दबत नाही. बस्स. जमीन हलते ते आपल्या लक्षात येऊ नये म्हणून गालिचा, आणि पाणी कलतं ते दिसू नये म्हणून डोळे मिटायचे. यात पुण्य नाही, पाप नाही. सुताराचं कसब आहे, आणि यांचं."

"मी कधी चमत्कार म्हणालो?" हातोडीबाबा म्हणाले. "मी म्हणालो, लाकूड माणूस ओळखतं. ही श्रद्धेची भाषा असते, बाई. शब्दशः घ्यायची नसते."

"किटली शब्दशः घेतली हो मी!" पोस्टमनने ती त्यांच्या हातात कोंबली. मग मागून बिनकाट्यांची घड्याळं, कानतुटक्या कपबशा, पाय नसलेला पाट अशी दोषनिवारणाची सगळी आयुधं एकेक करून टेबलावर आदळू लागली. तरी एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणालेच, "ते काही असो, कपाट जागृत आहे." दुसऱ्याने विचारलं, त्या दोन फळ्या विकायच्या आहेत का.

या गलक्यात सासूबाई उठून ताईकडे आल्या. चेहऱ्यावर नवं कोरं हसू. "विहीणबाई, गैरसमज झाला बघा. आपल्याला काय माहीत फळीबिळी! आता समई नको, काही नको. पुढच्या महिन्यातली तारीख धरू या."

ताईचा चेहरा उजळला. पोरीने मात्र हातांची धूळ झटकली आणि नवऱ्या मुलापुढे जाऊन उभी राहिली.

"आईंचा गैरसमज झाला. तुझं काय झालं?"

"अगं, आई म्हणाली म्हणून..."

"तुझ्यासाठी दार उघडलं, तेव्हा आपण खरंच पुण्यवान आहोत असं वाटलं तुला?"

त्याने बराच विचार केला. "थोडं वाटलं," तो म्हणाला. निदान खोटं तरी बोलला नाही.

"आणि मी वाईट आहे असंही?"

त्याने आईकडे पाहिलं.

"मग राहू दे. आज बायकोसाठी कपाटाला विचारलंत, उद्या मुलगी झाली की तिला ठेवायची का, हेही कोणाला तरी विचाराल. आई, चल."

"अगं, नीट विचार कर!" ताई कळवळली.

"तोच तर केला, आई. आठवड्याभरात पहिल्यांदा."

ताईने मदतीसाठी बहिणीकडे पाहिलं. मोठ्या बाई भाचीकडे पाहत होत्या, आणि ताईला त्या चेहऱ्यावर मदतीचं काही चिन्ह दिसलं नाही. तिने पर्स काखेत मारली आणि उठली.

हॉलच्या दारापाशी मोठ्या बाईंची एक जुनी विद्यार्थिनी आडवी आली. तिची मुलगीही हडकुळी, तीही कपाटाच्या परीक्षेत नापास झालेली. अगदी काकुळतीने ती म्हणाली, "पण मोठ्या बाई, मग कळायचं तरी कसं, माणूस चांगला का वाईट?"

"वर्गात असताना मला इतके प्रश्न विचारलेस, तसे त्या माणसालाच विचार. चार दिवस सोबत राहून बघ. अडचणीत कोण कसं वागतं ते पाहा. कोणी झटकन निकाल देत असेल, तर आधी विचार, तुला कसं कळलं? याला वेळ लागतो गं, आणि डोकं लागतं. ते तुला आहे, तुझ्या लेकीलाही आहे. त्यासाठी कुठे बोली लावायला जायला नको."